परत आलेला फराळ

माझ्या थोरल्या चुलत्यांनी एका वर्षी दिवाळीचा फराळ परत पाठवला होता. फराळ त्यांच्या सख्ख्या मेहुण्याच्या घरून आला होता, आणि त्या मेहुण्याच्या मुलानं त्या वर्षी तालीम बदलली होती. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडं फुटबॉल खेळतात तो पेठेच्या तालमीच्या नावानं. ज्या पेठेत जन्मलात तिची तालीम तुमची, तिचे रंग तुमचे. नोकरी बदला, घर बदला, अगदी नवराबायकोचं पटेना म्हणून वेगळे राहा. लोक चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील. तालीम बदललीत तर मात्र डबा परत येतो. चुलत्यांनी तो उघडूनसुद्धा बघितला नाही. चुलतीनं परत पाठवण्याआधी त्यातल्या चार चकल्या काढून घेतल्या होत्या, हे तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

ही गोष्ट मी लखनौत आल्यापासून इतक्यांदा सांगितली आहे की माझ्या क्लबातल्या मुली ती माझ्याआधी संपवतात. क्लब म्हणजे फार मोठं काही समजू नका. सहा वर्षांपूर्वी बँकेनं मला बढती देऊन इथं पाठवलं, तेव्हा मुलगी तेरा वर्षांची होती आणि नव्या शहरावर रुसून खोलीचं दार लावून बसायची. आमच्या इंदिरा नगरच्या घरासमोर सेक्टरचं मैदान आहे. लग्नसराईत निम्म्यावर शामियाना पडतो, उरलेल्या निम्म्यात सकाळी मधुमेहवाले चालतात. एका रविवारी मी तिला तिथं ओढून नेलं, चेंडू समोर टाकला आणि म्हटलं, मार. तिनं रागाच्या भरात डाव्या पायानं असा काही हाणला की तो थेट शामियान्यातल्या हलवायाच्या कढईशेजारी जाऊन पडला. हलवाई ओरडत आला. मला मात्र त्या डाव्या पायात देव दिसला.

मी स्वतः कधी खेळले नाही. आमच्या वेळी पोरींनी ओरडायचं, खेळायचं नाही, असाच रिवाज होता, आणि ओरडण्यात मी कुणाला हार गेले नाही. वडिलांच्या शेजारी गॅलरीत बसून जेवढं डोळ्यांनी शिकता आलं तेवढंच माझं शिक्षण. त्यावर मी क्लब काढला. चार मुलींच्या अठरा झाल्या. जर्सीला आमच्या पेठेचेच रंग घेतले. बिल्ला नवऱ्यानं काढून दिला. तो वर्ध्याचा, सरकारी कंपनीत इंजिनीअर, आणि पक्का क्रिकेटवाला; फुटबॉल म्हणजे बावीस जणांनी एकाच वेळी रनआउट होणं, असं त्याचं मत आहे. प्रत्येक सामन्याआधी मी नारळ फोडते आणि हंगामाच्या सुरुवातीला फराळाची गोष्ट सांगते. मुलींना कळावी म्हणून हिंदीत सांगते, त्यामुळं त्यात चुलते जरा जास्तच तालेवार होतात.

क्लबाचा कारभार मी बँकेसारखा ठेवला. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडं असतात, म्हणजे एकट्याच्या मनात आलं तरी तिजोरी उघडत नाही. तसंच क्लबाचं लेटरहेड आणि सही माझ्याकडं, आणि गोल शिक्का आमच्या गोलकीपरच्या आईकडं. या वहिनी साताऱ्याच्या, नवरा फौजेत, राहायला तेलीबागेत, म्हणजे आमच्यापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. नवरा म्हणाला, शिक्का लागला की दर वेळी अर्धा दिवस मोडायचा का? मी म्हटलं, त्यासाठीच तर तिकडं ठेवलाय. घाईत दिलेल्या कागदांनी बँका बुडाल्यात.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मुलीनं माझ्या पोह्यांच्या ताटलीशेजारी एक कागद ठेवला. चिनहटच्या क्लबाचं पत्र होतं. चिनहट म्हणजे फैजाबाद रोडवरचा कारखान्यांचा भाग, आणि तिथला क्लब म्हणजे आमचा जन्माचा वैरी. जिल्ह्याच्या स्पर्धेतून दोनदा त्यांनीच आम्हाला घरी पाठवलं होतं. त्यांना माझी मुलगी हवी होती. ते राज्याच्या लीगमध्ये खेळतात, त्यांना रीतसर शिकलेला कोच आहे, त्यांचे सामने बघायला बेंगळुरू-गोव्याच्या मोठ्या क्लबांची माणसं येतात. आमच्या क्लबाची एनओसी मिळाली की ती त्यांची. नोंदणी पुढच्या पंधरवड्यातल्या शनिवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होती.

मुलगी आता एकोणीसची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. तिनं शांतपणे सांगितलं की चिनहटलाही ती कायमची राहणार नाही, तिथून पुढं जाता येतं म्हणून जायचंय. माझ्या हातातला चमचा खाली पडला. एक तालीम सोडायची, आणि दुसरी धरायची तीही सोडायच्याच तयारीनं? तिच्या फोनवर परदेशातले खेळाडू मीही बघते. या हंगामात बिल्ल्याचं चुंबन घ्यायचं, पुढच्या हंगामात दुसऱ्याच बिल्ल्याचं. आमच्याकडं असल्या माणसाला रंगपंचमीला कुणी रंगसुद्धा लावला नसता. हे मी सगळं बोलून दाखवलं. ती म्हणाली की हा तिचा पेशा होणार आहे, पेठ नव्हे.

मी नाही म्हटलं नाही. सत्तावीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला नाही म्हणावं लागत नाही. पत्र चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं, कारण त्यावर तारीख नव्हती. दोन दिवसांनी ते तारीख घालून आलं. मग माझ्या लक्षात आलं की त्यावर जावक क्रमांक नाही. तोही घालून आला. तेव्हा मी पत्र फ्रिजवरच्या रव्याच्या डब्याखाली ठेवलं आणि तपासून बघते म्हटलं. नवरा म्हणाला, बँकेत लोक तुला का टरकून असतात ते आज कळलं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. क्लबाचे निम्मे गोल ती मारायची; ती गेली की क्लब कोसळेल, ही एक. दुसरी मी कुणालाच सांगितली नव्हती. ती कॉलेजात, मी शाखेत. संध्याकाळी ती फोनमध्ये, मी कुकरपाशी. रविवारची सकाळ सोडली तर आम्ही दोघी एकत्र अशा उरलोच नव्हतो. मैदानावर ती माझं ऐकायची आणि मला तिच्याकडं दोन तास नुसतं बघत राहता यायचं. ते मला सुटत नव्हतं, आणि त्याला मी निष्ठा हे भारदस्त नाव दिलं होतं.

शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी आमचं कडाक्याचं वाजलं. निष्ठा हा शब्द मी त्या भांडणात डझनभर वेळा तरी वापरला असेन. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडं बोट केलं. आमच्या घरात भिंतीवरची चार घड्याळं आहेत. कोल्हापूर, नाशिक, रायपूर, भोपाळ. बढती घेऊन शाखा सोडली की निरोपाला शाल, नारळ आणि घड्याळ. एक बैठकीत, एक स्वयंपाकघरात, एक झोपायच्या खोलीत, आणि चौथं जागाच उरली नाही म्हणून बाथरूमच्या दाराबाहेर.

“मम्मी, हर ब्रांच छोड़ने पर आपको घड़ी मिली,” ती म्हणाली. “मुझे तो बस एक साइन चाहिए।”

मी तिला सांगितलं की नोकरी वेगळी आणि खेळ वेगळा. वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच त्यात दम नाही हे मला कळलं होतं. कोल्हापूरची शाखा सोडली तेव्हा मला कुणी गद्दार म्हटलं नव्हतं. उलट शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे म्हणाले, जावा, मोठ्या व्हा. नवऱ्यानं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं आणि ते वर्तमानपत्र गदागदा हलत होतं.

शुक्रवारी सकाळी शाखेत जायच्या आधी मी स्कूटर काढून चिनहटला गेले. भांडायलाच. आमची पोरगी फितवता काय, हे पहिलं वाक्य वाटेत तीनदा हिंदीत बसवून बघितलं. पण लखनौच्या माणसाशी भांडणं म्हणजे मोठं अवघड काम. तिथला कोच पस्तिशीचा. त्यानं मला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला, चहा मागवला, आणि म्हणाला की इतकी तयारीची बिटिया घडवणाऱ्या मॅडमना भेटायची त्याची फार दिवसांची इच्छा होती. माझं पहिलं वाक्य त्या चहात विरघळून गेलं.

तेवढ्यात मैदानाच्या पलीकडच्या बाजूला मला माझी मुलगी दिसली. सकाळच्या क्लासला जाते असं सांगून ती घरून निघाली होती. कागद झाला नाही म्हणून तिला आत खेळवता येत नाही, कोच म्हणाला, पण ती रोज येते. ती रेषेबाहेर उभी होती. आतल्या मुली जे करत होत्या ते ती बाहेर, चेंडूशिवाय, एकटी करत होती. वळायची, डावा खांदा खाली टाकायची, दोन पावलं पुढं घ्यायची आणि मोकळ्या हवेत पाय मारायची. तो खांदा टाकून समोरच्याला चकवणं मी तिला कधी शिकवलं नव्हतं; मला ते ठाऊकच नव्हतं. मधेच आतला चेंडू बाहेर आला की धावत जाऊन आणून द्यायची आणि पुन्हा आपल्या जागेवर. माझ्या क्लबात जिच्यावाचून सामना सुरू होत नाही, ती इथं दुसऱ्यांचे चेंडू वेचत होती. आणि खुशीत होती. अर्धा चहा तसाच ठेवून, तिला न दिसता मी निघाले.

शनिवारी बँकेला सुट्टी होती. सही करायची हे माझं ठरलं होतं, पण ठरलेलं करायलाही मला जेवणं उरकून दुपारचे दोन वाजवावे लागले. रव्याच्या डब्याखालचा कागद काढला. लेटरहेडवर एनओसी टाइप केली, तारीख घातली, जावक क्रमांक घातला, सही ठोकली. मुलगी दारात उभी राहून बघत होती. मग मी सवयीनं शिक्क्यासाठी हात लांब केला, आणि शिक्का तेलीबागेत असल्याचं आठवलं. वहिनींना फोन लावला तर त्या उचलेनात. घाईत दिलेल्या कागदांनी बँका बुडतात, नवरा आतून म्हणाला.

स्कूटर मुलीनं चालवली, मी मागं. इंदिरा नगरातून तेलीबाग म्हणजे सगळं लखनौ ओलांडायचं. त्यात एका चौकात कुणा बड्या माणसाचा ताफा जायचा होता म्हणून पोलिसानं सगळ्यांना अडवलं. राजधानीत राहायचं तर हे चालायचंच, पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी मागच्या सीटवरून त्या पोलिसाला अस्सल कोल्हापुरीत सुनावलं. त्याला शब्द कळले नाहीत, सूर कळला. तो म्हणाला, माताजी, दो मिनट. माताजी ऐकून माझी मुलगी हेल्मेटमध्ये खुदखुदायला लागली आणि तिच्या पाठीला टेकलेली मीही. पंधरा दिवसांत आम्ही दोघी पहिल्यांदाच हसलो होतो.

पोचलो तेव्हा वहिनी नुकत्या मिलिटरी कँटीनमधून सामान घेऊन आल्या होत्या, फोन घरीच विसरून. साडेचार होऊन गेले होते. त्यांनी कपाटातून शिक्का काढला, आणि तो कशासाठी हवाय ते ऐकून हात तसाच धरला.

“ताई, नक्की ना? मग आम्हाला ती फराळाची गोष्ट पुन्हा नाही ऐकवायची.”

मी म्हटलं, मारा शिक्का. पण शिक्का मारून मारून उमटेना, कारण क्लबाला तो दोन वर्षांत लागलाच नव्हता आणि पॅड वाळून खडखडीत झालं होतं. वहिनींनी त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. फिकट, एका बाजूला पसरलेला असा काहीतरी गोल उमटला. शाखेत असला कागद मी उभ्या उभ्या परत पाठवला असता. गोलकीपरनं जेवणाच्या टेबलावर कागद सपाट धरला, मुलीनं फोटो काढला आणि नोंदणीच्या साइटवर चढवला. फोनवरचं ते चक्र फिरत राहिलं. आम्ही चौघी माना एकत्र करून त्याच्याकडं बघत होतो. पाचाला सात मिनिटं कमी असताना ते हिरवं झालं. गोलकीपरनं माझ्या मुलीला मिठी मारली आणि मग एकदम रडवेली होऊन विचारलं की आता मी चेंडू कुणाकडं टाकू. वहिनींनी चहा टाकला.

पुढच्या रविवारी क्लबानं माझ्या मुलीला रीतसर निरोप दिला. मुलींनी माझ्या नकळत सगळं आणलं होतं: शाल, नारळ आणि घड्याळ. आता घरात पाच घड्याळं आहेत.

क्लब कोसळला नाही. मला वाटलं होतं तेवढा तो नाजूक नव्हता. आजवर जी सगळा सामना माझ्या मुलीकडं चेंडू ढकलण्यात घालवायची, अशी एक अबोल मुलगी होती. चेंडू ढकलायला कुणी उरलं नाही म्हटल्यावर तिनं स्वतःच मारायला सुरुवात केली. तिच्या जोरावर आम्ही फेब्रुवारीत जिल्ह्याच्या स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली. समोर कोण, तर चिनहट.

सामन्याच्या दिवशी छान ऊन पडलं होतं. मी बेसनाचे पंचवीस लाडू वळून नेले होते, फक्त आमच्या मुलींसाठी, हे घरी बजावून सांगितलं होतं. नारळ फोडला. पलीकडं माझी मुलगी परक्या रंगात उभी होती. तो रंग तिला शोभत नाही असं मी वहिनींना म्हणाले, आणि वहिनी म्हणाल्या की छान शोभतोय. पहिला गोल आमचा झाला, त्या अबोल मुलीचा. मी घसा बसेपर्यंत ओरडले. मग त्यांनी एक फेडला. उत्तरार्धात डाव्या बाजूला माझ्या मुलीकडं चेंडू आला. समोर आमची बचावपटू. मुलगी वळली, डावा खांदा खाली टाकला, आमची बिचारी तिकडंच गेली, आणि दोन पावलांवरून तिनं डाव्या पायानं असा हाणला की मला हलवायाची कढई आठवली. गोल.

आणि ती नुसती उभी राहिली. आमच्या बाकाकडं तोंड करून हात जोडले, मान खाली घातली. आता तशी पद्धत निघाली आहे म्हणे. जुन्या क्लबाविरुद्ध गोल केला तर आनंद दाखवायचा नाही. आमच्या बाकावरच्या मुली विरघळल्या, एकीनं तर डोळे पुसले. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. कीव करते काय आमची? आमच्या गॅलरीत गोल करणारा पोरगा धावत येऊन जाळीवर चढायचा, मग समोर सख्खा भाऊ खेळत असला तरी. आणि तो खांदा! थंडीत, रेषेबाहेर, चेंडूशिवाय घोटलेला तो खांदा मी बघितला होता, आणि ही त्याच्यासाठी मान खाली घालणार? मी कधी उठून उभी राहिले ते मला कळलं नाही.

“नाच की गं! गोल केलायस, पाप नाही केलंस!”

सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. तिनं मान वर करून बघितलं, आणि मग ती नाचली. दोन्ही हात वर करून, जागच्या जागी उड्या मारत, तेरा वर्षांची असताना नाचायची तशीच. तिच्या नव्या सोबतिणी तिच्या अंगावर येऊन पडल्या. मी टाळ्या पिटत होते, शिट्टी वाजवत होते, पदर कुठं होता त्याचं भान नव्हतं. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की आमच्या बाजूला उभी असलेली मी एकटीच आहे. राखीव मुलींच्या माना माझ्याकडं वळल्या होत्या. गोलकीपर जाळ्यातून चेंडू काढत होती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“आंटी, आप किसकी तरफ़ हैं?”

ज्याला ऑफसाइड अजून कळत नाही, तो माझा नवरा हसता हसता गवतावर बसला.

सामना आम्ही दोन-एकनं हरलो. हरल्याचं मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण त्याच मनात दुसरीकडं दिवाळी चालू होती, आणि ती लपवणं मला जमत नव्हतं. मी लाडवांचा डबा मुलींच्या हाती दिला आणि पाणी प्यायला वळले. परत फिरून बघते तर वहिनी समोर, हातात स्टीलची ताटली, चेहरा एकदम गंभीर. त्यांच्या मागं आमची अख्खी टीम रांगेनं उभी.

“घ्या ताई,” वहिनी म्हणाल्या, “तुमचा फराळ परत.”

ताटलीत दोन लाडू होते. पंचवीस दिले होते, परत आले दोन. बाकीचे पोरींनी परत पाठवण्याआधीच काढून घेतले होते आणि सगळ्यांच्या तोंडाला बेसन लागलं होतं. एवढ्यात माझी मुलगी तो परका रंग घालून, चिखलानं भरलेली, धावत आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. मी तिला ताटली दाखवली. एक लाडू मी खाल्ला, दुसरा तिनं घेतला.